गुरुदत्तने आखलेली स्पेनची सहल

जर्सी सिटीच्या आमच्या मंडळात सहल ठरली की अध्यक्ष कोणीही असो, कागद-पेन्सिल गुरुदत्तच्या हातात जायची. पार्कातल्या टेबलांवर सावली किती वाजेपर्यंत असते, तिथून टॉयलेट किती लांब, श्रीखंडाच्या कूलरला बर्फ किती लागेल, कुठल्या काकूंना गाडीत पुढे बसवलं नाही तर मळमळतं, सगळं त्याला पाठ. आणि सहलीच्या दिवशी हा बाबा कुठे? तर सगळ्यांत मागे, रिकाम्या खोक्यांपाशी. सात-आठ वर्षांचे फोटो काढून बघा, एकात त्याचं अर्धं कोपर दिसेल.

मी मालिनी. त्याच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहते, तो दुसऱ्या. पब्लिक लायब्ररीत काउंटरवर बसते. माझी जीभ तिखट आहे असं माझा नवरा अरुण सगळ्यांना सांगत असतो, आणि ते खोटं नाही. गुरुदत्तला मी जितकं बोलले असेन तितकं त्याची आईही बोलली नसेल. तो नुसता हसायचा. छत्तीस वर्षांचा उंच मुलगा, खांद्यात जरा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा.

त्याला भिडेचा आजार होता. चेष्टा नाही करत. त्या आजाराने त्याचं आयुष्य खाल्लं.

१९९९ साली तो एका देशी कन्सल्टन्सीतर्फे इथे आला. मालक गिरीशराव त्याच्याच कॉलेजचे, बारा वर्षं पुढचे. २००१च्या नोव्हेंबरमध्ये नदीपलीकडचं, न्यूयॉर्कमधलं त्याचं काम गेलं. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्यांचं गेलं तेव्हा. पुढच्या मार्चला व्हिसाची मुदत संपत होती. गिरीशराव म्हणाले, "एक्स्टेन्शन फाइल केलंय, तू टेन्शन घेऊ नकोस. प्रोजेक्ट मिळालं की फोन करतो." असा अर्ज केला की सरकारकडून पोच येते, हे इथे कालपरवा उतरलेल्या पोरालाही ठाऊक असतं. "ती पोच जरा दाखवा," एवढंच म्हणायचं होतं. नऊ महिने ते त्याच्या तोंडून निघालं नाही. का, तर गिरीशरावांच्या बायकोने त्याला गणपतीत पंगतीला बसवलं होतं आणि तो तापाने पडला तेव्हा मऊ भाताचा डबा पाठवला होता.

"आपल्या माणसाकडे कागद कसा मागायचा, ताई? त्यांना वाटलं असतं, माझा विश्वास नाही."

नऊ महिन्यांनी गिरीशरावांचा फोन लागेनासा झाला. ऑफिसला कुलूप. अर्ज कधी केलाच नव्हता. गुरुदत्त वकिलाकडे गेला तेव्हा तिने त्याला सरळ सांगितलं: इथे राहिलास तर कोणी लगेच हात धरून हाकलणार नाही, पण दिवस असेच जात राहिले आणि मग देशाबाहेर पाऊल टाकलंस, तर दहा वर्षं परत येता येणार नाही.

तो राहिला. इंजिनिअर माणूस न्यूअर्क ॲव्हेन्यूच्या मागच्या एका गोदामात डाळ-तांदळाची पोती लावू लागला. बरोबरचे सगळे इक्वेडोर नाहीतर मेक्सिकोचे. त्यांच्यात राहून तीन वर्षांत तो फडाफड स्पॅनिश बोलायला लागला. फलटणला आईवडलांना मात्र दर रविवारी फोनवर तेच: प्रोजेक्ट चालू आहे, काम फार आहे, सुट्टी मिळत नाही. त्यांना इकडे बोलवावं तर बोलावणाऱ्याचे कागद जोडावे लागतात, ते हा आणणार कुठून?

"मग सरळ घरी परत का जात नाहीस?" मी एकदा त्याला धरूनच बसले.

"जाऊन सांगू काय? आप्पा स्टँडवर भेटेल त्याला सांगतात, माझे दोन्ही मुलगे बाहेर आहेत. मी बॅग घेऊन उतरलो तर त्यांना त्या स्टँडवर जाता येईल का पुन्हा?"

आप्पा म्हणजे त्याचे वडील, दूध संघातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं, पण गुरुदत्तच्या तोंडून ऐकून मला वाटायचं, हा माणूस भारी ताठ असणार, मुलाच्या फजितीने मोडून पडणार. मला त्या म्हाताऱ्याचा रागच यायचा.

२००५च्या सप्टेंबरात शैलेंद्रचा फोन आला. शैलेंद्र थोरला भाऊ, इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. आप्पांना मेअखेरीस पंच्याहत्तर पूर्ण होत होती. शैलेंद्र म्हणाला, सहा वर्षं झाली आपण चौघं एकत्र बसून जेवलेलो नाही. तुला भारतात यायला सुट्टी मिळत नाही ना? मग अर्ध्या वाटेवर भेटू. स्पेनमध्ये नेर्हा नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, त्याची बायको प्रीता तिच्या ऑफिसबरोबर तिथे जाऊन आली होती. दहा दिवस एक घर घेऊ. आईआप्पा मुंबईहून, आम्ही इथून, तू तिकडून. तिकिटं माझी, आखणी तुझी. तुझ्यासारखं कोणाला जमतंय?

सात तासांचा प्रवास. नाही म्हणायला तोंडच ठेवलं नाही भावाने.

गुरुदत्त "हो" म्हणाला. वर येऊन त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं ठेवलं आणि म्हटलं, "आत्ता खाली जा, फोन लाव आणि दादाला खरं सांग. सहल ठरायच्या आत सांग."

"सांगतो. जरा दिवाळी होऊ दे, ताई. सणात कशाला."

दिवाळी झाली. मग म्हणाला, आप्पांचा व्हिसा होऊ दे, नाहीतर ते अर्जच करणार नाहीत. मग म्हणाला, थंडीत आईचा दमा वाढतो, तिला आत्ता धक्का नको. आणि एकीकडे आखणी सुरू झाली होती. मी पाहिलेल्या त्याच्या सगळ्या आखण्यांत इतकी बारकाईची दुसरी नव्हती.

मालागाच्या विमानतळापासून नेर्हापर्यंत गाडीला तासभर लागतो. आईला तेवढा वेळ बसवत नाही, म्हणून वाटेत कुठे थांबायचं ते त्याने ठरवलं. गाव उतारावर आहे, म्हणून लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर उपग्रहाचे फोटो लावून तो गल्ल्या बघत बसायचा. तळमजल्याचा, समुद्राकडे सपाट रस्त्याने जाणारा फ्लॅट त्याने शोधून काढला. कड्याच्या टोकाशी एक मोठा सज्जा आहे, लोक तिथून समुद्र बघतात. घरापासून त्या सज्ज्यापर्यंत बसायला किती बाकडी आहेत, हे त्याने घरमालकिणीला फोन करून विचारलं. स्पॅनिशमध्ये! मी समोर होते. ती बाई आधी वैतागली असावी, मग हसायला लागली, आणि शेवटी खरंच रस्त्यावर जाऊन मोजून आली. सहा. कमोडची उंची, गॅस कसा पेटवायचा, ताटं किती, मोठा तवा आहे का. आई बाहेरचं खात नाही, ज्वारीचं पीठ घेऊन येईल, तर भाकरी तव्यावर मावली पाहिजे.

त्या बाईने विचारलं, तुम्ही कुठल्या खोलीत झोपणार? तो म्हणाला, स्वयंपाकघराशेजारच्या लहान. तिथे उशी जरा कडक ठेवा.

फोन ठेवल्यावर मी त्याच्यावर ओरडले. "कोणासाठी मागतोयस रे उशी?"

"कायदा होईल, ताई. सगळे म्हणतायत. तसं झालं तर जाईनसुद्धा."

२००६चा वसंत तसाच होता. बिनकागदाच्या माणसांना सरकार मार्ग काढून देणार अशी बोलणी जोरात होती. शहराशहरांत मोर्चे निघत होते. एक मेला त्याच्या गोदामातले सगळे मोर्चाला गेले. हा? हा फुटपाथवर उभा राहून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. मोर्चात शिरायचीही भीड.

मेच्या मधल्या आठवड्यात त्याने फाइल पूर्ण केली. तीन प्रती: एक फलटणला, एक रेडिंगला, एक स्वतःला. एकेका दिवसाचं एकेक पान. मी ती चाळत होते. पहिला दिवस: आईला आराम, शैलेंद्र भाजी आणेल. दुसरा दिवस: गुरू आप्पांना सकाळी सज्ज्यावर चालायला नेईल. तिसरा: गुरू आईबरोबर स्वयंपाक. वाढदिवस: गुरू आणि प्रीता पुरणपोळ्या करतील, डाळ गुरू आणेल. प्रत्येक पानावर त्याचं नाव होतं, वेळेसकट. मला रडू यायला लागलं आणि मी फाइल मिटून त्याच्या अंगावर टाकली.

"सांग त्यांना. आत्ता. नाहीतर मी सांगते."

"नको, ताई." चेहरा पांढराफटक. "मी सांगितलं तर ते सहल कॅन्सल करतील. त्यांना एवढं फिरायला मिळतंय. आप्पांनी समुद्र असा कधी पाहिला नाही. माझ्यामुळे त्यांचं ते पण जायला नको."

माझ्याकडे शैलेंद्रचा नंबर होता. मी फोन केला नाही. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण किती शिरायचं, असं स्वतःला समजावलं.

शनिवारी सत्तावीस मेला दुपारी तो आमच्याकडे आला, कारण त्याचा स्वतःचा फोन गेल्या महिन्यापासून बंद होता आणि घरच्यांना त्याने आमचाच नंबर दिलेला होता. आईआप्पा मुंबईच्या विमानतळाकडे निघाले होते, शैलेंद्रचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. गुरुदत्तने फोन लावला आणि उभ्याउभ्याच बोलला. "दादा, अरे आमची सिस्टिम चालू करायची तारीख अलीकडे आली. मॅनेजरने लीव्ह कॅन्सल केली. नाही, नाही ऐकत रे ते. हो, तिकीट गेलं. तुम्ही जा. फाइलमध्ये सगळं आहे. माझी कामं तू आणि प्रीतावहिनी वाटून घ्या."

पलीकडून शैलेंद्र काय ओरडला ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. गुरुदत्त "हो दादा, हो दादा" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर अरुणने त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, पाण्याची गरज नव्हती, आणि सगळा पेला प्यायला.

गुरुवारी मला सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला.

"मालिनीताई का? मी गुरुदत्तचा वडील बोलतोय, स्पेनहून. तो तुमच्याविषयी सांगत असतो. आहे का तो?"

"कामावर गेलाय, आप्पा." त्यांचा आवाज मी मनात कल्पिला होता तसा अजिबात नव्हता. मऊ, जरा दमलेला.

"ठीक आहे. तुमच्याशीच बोलायचं होतं. तो बरा आहे ना? तब्येतीने, म्हणजे... आणखी कशाने?"

खरं सांगायची ती वेळ होती. आयुष्यभर ज्या तिखट जिभेचं मी कौतुक करून घेतलं, ती टाळूला चिकटली. "बरा आहे," मी म्हटलं. "काम फार असतं हो त्याला."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. आप्पा म्हणाले, "घर झकास शोधलंय त्याने. तवासुद्धा मोठा आहे. पण खरं सांगू का? मला पाण्याची लहानपणापासून धास्ती आहे. त्या सज्ज्यावर मी एकदाही गेलो नाही. हिला तर इथलं काहीच गोड लागत नाही. शैलेंद्र म्हणतो, त्यालाही ऑफिसातून निघणं जड होतं. आम्ही कोणी समुद्र बघायला आलोच नव्हतो, ताई. आम्ही त्याला बघायला आलो होतो."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी होते.

"आम्हाला काही कळत नाही असं नाही. सात वर्षं पोरगा येत नाही, लग्न नको म्हणतो, फोन दुसऱ्याच्या घरचा देतो. काहीतरी बिनसलंय. काय ते मला ऐकायचं नाही. त्याला समोर बसवायचं आणि म्हणायचं, पुरे झालं, घरी चल. तेवढ्यासाठी ही दहा दिवसांची तंगडतोड. फोनवर म्हणायचं अनेकदा ठरवलं. होत नाही. त्याला वाटायचं, बापाचा आपल्यावरचा भरवसा उडाला."

"मी सांगू का त्याला?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"नको, नको. परक्याच्या तोंडून नको. राग मानू नका, परक्या म्हणजे तुम्ही घरच्यासारख्याच. दिवाळीला नक्की येतो म्हणालाय. तेव्हा मी सांगेन. तुम्ही शब्द द्या, यातलं काही बोलणार नाही."

तो दिवाळीला जाणार नाही हे मला माहीत होतं. पुढच्या दिवाळीलाही नाही. समोरासमोर बसण्याची वेळ या दोघांवर कधी येणारच नव्हती, आणि दोघांच्याही मनातलं फक्त मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "दिला शब्द, आप्पा."

पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी गुरुदत्त फोनची चौकशी करत वर आला. "आप्पांचा होता? काय म्हणाले?"

"घर छान आहे म्हणाले. तवा मोठा आहे."

तो इतका खूश झाला! "सज्ज्यावर गेले होते?"

"हो," मी म्हटलं.

शैलेंद्रने पाठवलेले फोटो जुलैत आले. पांढऱ्या भिंतीपुढे चौघं उभी, आणि आप्पांच्या शेजारी एका माणसाची जागा सोडलेली. गुरुदत्त म्हणाला, दादाला फ्रेम कशी जुळवायची ते कळत नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं की नाही, मी विचारलं नाही. वॉशिंग्टनमधली बोलणी वादात अडकून पडली. दिवाळी आली, आमच्याच फोनवरून त्याने आप्पांना सांगितलं की जमत नाहीये. मी स्वयंपाकघरात होते. पलीकडे आप्पा आता बोलतील, निदान आता तरी, असं मनात म्हणत कढई घासत राहिले. ते बोलले नसावेत. फोन दोन मिनिटांत संपला. त्या दिवशी मी त्याच्यापुढे चकलीची बशी ठेवली, समोर बसले, "गुरू" अशी हाकही मारली आणि मग विचारलं, चहा घेणार का.

तेरा जानेवारीला, २००७ साली, शैलेंद्रचा फोन आला. आप्पा अंघोळीला जाताना पडले आणि गेले. हृदय. तो इंग्लंडहून निघत होता, पण अंत्यविधी उद्यापर्यंत थांबणार नव्हता. मी खाली जाऊन गुरुदत्तला सांगितलं. तो बूट घालत होता. एक बूट घातला, दुसरा हातात धरून बसला. मग गोदामात फोन करून आज येत नाही म्हणायचं का, असं त्याने मला विचारलं.

तेरा दिवस झाल्यावर शैलेंद्रने आईला रेडिंगला न्यायचं ठरवलं. दमेकरी बाई, एकटी कशी राहणार? फलटणचं घर बंद केलं, किल्ली शेजारी दिली.

त्यानंतरच्या रविवारी गुरुदत्त वर आला. अरुण बाहेर गेला होता. मी चहा केला आणि त्याला सगळं सांगितलं, आप्पांचे शब्द जसेच्या तसे. पाण्याची धास्ती. पुरे झालं, घरी चल. मी दिलेला शब्द. सांगताना मला वाटत होतं की मी काहीतरी चांगलं करते आहे, निदान बापाचं मन तरी याला कळेल. किती मूर्ख असतो माणूस.

तो ऐकत राहिला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "घरी चल म्हणाले?"

"हो रे."

"त्यांना काही वाटलं नसतं? मी नुसती बॅग घेऊन उतरलो असतो तरी?"

"नाही. ते न्यायलाच आले होते."

"हे त्यांनी तुम्हाला जूनमध्ये सांगितलं?"

मी मान डोलावली. आप्पांनी शब्द घेतला होता, मला मोडवेना, असं काहीतरी पुटपुटले. तो माझ्याकडे बघत होता. चपलांकडे नाही, माझ्या डोळ्यांत. सात वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"जून ते जानेवारी," तो म्हणाला. "सात महिने होते, ताई."

मग उठला, आपला कप धुतला, ओट्यावर पालथा घातला आणि दार हळू ओढून घेऊन खाली गेला.